यंत्राचे किती, विंडोजचे किती?

निकाल लागून प्रवेशांची धावपळ सुरू झाली की मला हमखास फोन येतात. "मॅडम, मुलीला लॅपटॉप घ्यायचाय, जरा सोबत येता का?" नाशिकच्या सिडकोत गेली एकोणीस वर्षं मी संगणकाचा क्लास चालवते. बाई सोबत असली तर दुकानदार फसवणार नाही, एवढी पालकांची साधी अपेक्षा असते. मीही जाते.

गेल्या वर्षी जुलैत निफाडकडचे एक काका होते. थोडी द्राक्षबाग, थोडा कांदा. मुलगी इंजिनिअरिंगला लागलेली. कॅनडा कॉर्नरजवळच्या एका दुकानात लॅपटॉप ठरला, जीएसटी धरून बावन्न हजार. बिल छापून आलं. लॅपटॉप, एक नग, खाली कर, खाली बेरीज. काकांनी कागद उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला आणि विचारलं, "यात मशीनचे किती, नि ते विंडोज का काय म्हणता त्याचे किती?"

दुकानदार म्हणाला, "काका, ते आतच असतं. त्याचे वेगळे पैसे नाही लागत."

काका माझ्याकडे वळले. "ताई, आम्ही कांदा विकला की पट्टीवर हमाली वेगळी, तोलाई वेगळी, वाराई वेगळी. दोन रुपये कापले तरी त्याची ओळ असती. इथं बावन्न हजार, नि ओळ एकच?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं संगणक शिकवून हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, याची त्या दिवशी मनापासून लाज वाटली. हमाली-तोलाईच्या कपातीवरून आपल्या जिल्ह्यातले लिलाव बंद पडलेले आपण पाहिलेत. शेतकरी त्या ओळींवर भांडू शकतो, कारण त्या त्याला दिसतात. संगणकाच्या बिलावर भांडायला ओळच नसते.

वेगळे पैसे लागत नाहीत, हे खरं नाही. विंडोज ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम, आणि तिचीही किंमत असते. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती सुटी घेतली तर अमेरिकेत तिची छापील किंमत १३९ डॉलर आहे. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्यांना ती बरीच स्वस्त पडते, पण नेमकी कितीला ते त्यांच्या आपसातल्या करारात बंद असतं. मी त्याच आठवड्यात क्लाससाठी एका डेस्कटॉपची दोन कोटेशनं मागवली, एक विंडोजसकट आणि एक विंडोजशिवाय. बाकी सगळे भाग तेच. फरक निघाला साडेचार हजारांचा. सगळीकडे तो एवढाच असेल असं मी म्हणत नाही. काही लॅपटॉपवर तर फरक जवळजवळ शून्य असतो, आणि त्याचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. नव्या मशीनवर महिना-दोन महिन्यांसाठी चालणारे अँटिव्हायरस, खेळ असं बरंच काही आधीच भरलेलं असतं. ते भरल्याबद्दल लॅपटॉप कंपनीला पैसे मिळतात आणि त्यातून विंडोजचा खर्च काही अंशी भरून निघतो. म्हणजे तिथेही किंमत चुकवली जातेच. ती पैशांऐवजी आपल्या पडद्यावर सारख्या उगवणाऱ्या "मुदत संपली, आता पैसे भरा" या खिडक्यांमधून चुकवली जाते.

ही एक ओळीची सवय आपोआप लागलेली नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून विंडोज बनवणारी मायक्रोसॉफ्ट संगणक कंपन्यांशी असे करार करत होती की जेवढे प्रोसेसर विकाल तेवढ्यांचे पैसे द्यायचे, मग त्या मशीनवर आमची सिस्टीम घाला नाहीतर दुसऱ्याची. आता ज्या सिस्टीमचे पैसे भरलेच आहेत ती सोडून दुसरीचे पैसे कोण भरेल? अमेरिकी सरकारने हे प्रकरण कोर्टात नेलं आणि १९९४ च्या तडजोडीत अशा करारांवर बंदी आली. पण तोवर 'संगणक म्हणजे विंडोज' हे जगभर पक्कं झालं होतं. आपल्याकडे घरोघरी संगणक आले ते त्यानंतर, त्यामुळे आपण दुसरं काही पाहिलंच नाही.

परत करायची सोय आहे का? कागदावर आहे. विंडोजच्या परवान्यातच लिहिलंय की अटी मान्य नसतील तर वापरू नका आणि परताव्यासाठी उत्पादकाकडे जा. त्याच्या पुढच्या वाक्यात असंही आहे की उत्पादक अख्खं मशीन परत मागू शकतो. भाजीवाल्याने पिशवीतली कोथिंबीर नको असेल तर सगळी पिशवीच ठेवून जा म्हणावं, तसं हे. इटलीत एका ग्राहकाने हट्टाने ही लढाई लढवली. विंडोजचे ४२ युरो त्याला परत मिळाले, आणि एवढ्या रकमेसाठी त्याला कोर्टात झुलवलं म्हणून २०२० मध्ये मोंझाच्या न्यायालयाने लॅपटॉप कंपनीला २० हजार युरो भरायला लावले. मात्र युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१६ मध्ये वेगळा निकाल दिला होता. मशीनसोबत भरलेल्या प्रोग्रामची किंमत सुटी दाखवली नाही म्हणून ती ग्राहकाची दिशाभूल ठरत नाही, असं त्या न्यायालयाचं म्हणणं. बहुतेक ग्राहकांना तयार मशीनच हवं असतं, हा त्यामागचा विचार. तो मी नीट वाचला आणि मला तो पटत नाही. तयार जेवणाचं ताट हवं असलं तरी भाकरीचे किती आणि भाजीचे किती हे विचारायचा हक्क जात नाही. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घ्यायची सक्ती करणं ही प्रतिबंधात्मक व्यापारी प्रथा म्हटली आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ ज्या महाराष्ट्रात उभी राहिली, तिथे संगणकाच्या बाबतीत हे कलम कुणी लावून बघितलं पाहिजे.

आता आपल्या गावचं खरं दुखणं सांगते. नाशिकमध्ये लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी घालता येणाऱ्या खुल्या सिस्टीमचा, सामना १३९ डॉलरच्या विंडोजशी नाहीच. तो आहे पाचशे रुपयांच्या विंडोजशी. "डॉस मशीन (म्हणजे विंडोज न घातलेलं) घ्या मॅडम, विंडोज मी मारून देतो" हे वाक्य या गल्ल्यांमध्ये मी शेकडो वेळा ऐकलंय. पोरगा पेनड्राइव्ह लावतो, तासाभरात विंडोज मारतो, ऑफिस मारतो, फोटोशॉपसुद्धा मारतो. ॲक्टिव्हेटर, म्हणजे चोरीची प्रत खरी भासवणारा प्रोग्राम, चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करतो. मग त्याच मशीनवर दुकानाचा हिशेब, बँकेचा पासवर्ड, मुलांची कागदपत्रं. दार उघडं ठेवून घराला रंग द्यावा तसा हा प्रकार. आणि हे करणारे लोक वाईट नसतात. डॉक्टर असतात, शिक्षक असतात, घरी वीजचोरी करायचा विचारही करणार नाहीत अशी माणसं असतात. सॉफ्टवेअर चोरणं ही चोरी आहे, असं आपल्या मनात कधी उतरलंच नाही. त्यामुळे झालं असं की विंडोजची किंमत ज्यांनी प्रामाणिकपणे भरली त्यांना ती दिसली नाही, आणि ज्यांनी भरली नाही त्यांना ती जाणवली नाही. दोघांनाही पर्याय शोधायची गरज वाटली नाही.

किंमत जाणवली ती गेल्या दिवाळीच्या आठवडाभर आधी. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. म्हणजे सुरक्षेची नवी दुरुस्ती येणं बंद. घरगुती वापरासाठी एक वर्षाची मुदतवाढ होती, पैसे भरून किंवा मशीन मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन खात्याशी जोडून. विंडोज ११ वर जायचं तर मदरबोर्डवर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा हवा. माझ्या क्लासात चौदा मशीन. त्यातली अकरा इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरवर चालणारी, चार जीबी रॅमची. त्यांच्या पंख्यात धूळ होती, दोघांचे कीबोर्ड गेले होते, पण एकही मशीन बंद नव्हतं. टायपिंग होत होतं, इंटरनेट चालत होतं. दुसऱ्या कुणाच्या कॅलेंडरवरची एक तारीख उलटली आणि चालती मशीनं भंगारात काढायची वेळ आली. ऑपरेटिंग सिस्टीमची दुसरी किंमत ही, आणि मला ती पहिलीपेक्षा फार मोठी वाटते. विकत घेताना भरतो ते हजार-पाच हजार. पण मशीन किती वर्षं जगणार हे ठरवायचा हक्कही आपण त्याच बिलात देऊन टाकतो आणि त्याचीही ओळ नसते.

अकरा नवी मशीनं घ्यायची तर साधारण साडेतीन लाख लागणार होते. एवढे पैसे माझ्याकडे नव्हते. मी दिवाळीची सुट्टी क्लासात बसून काढली. माझा भाचा मदतीला होता. एकेक कॅबिनेट उघडायचं, ब्रशने धूळ काढायची, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट पुसून नवी लावायची, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवायची, जुन्या बाजारातली चार जीबी रॅम जोडायची. एका मशीनला २,३०० रुपये, अकरांचे मिळून २५,३००. मग पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती. त्याला दोन जीबी रॅमही पुरते आणि सध्याच्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. पहिलं मशीन वीस-पंचवीस सेकंदांत सुरू झालं तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, हे तेच आहे?" एसएसडीने विंडोजही असंच पळालं असतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. फरक वेगाचा नाही. या मशीनला आता दार आहे, आणि दाराची कडी माझ्या हातात आहे.

सोमवारी मुलं आली. मी काही सांगितलं नाही. एक मुलगी लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये, मराठी टायपिंग करायला बसली. इनस्क्रिप्टची मांडणी तीच, डावीकडे स्वर आणि मात्रा, उजवीकडे व्यंजनं, के च्या बटणावर क. पंधरा मिनिटांनी तिने विचारलं, "मॅडम, वर्ड जरा वेगळं दिसतंय का?" तेवढाच काय तो फरक.

मराठी टायपिंगचं नाव निघालं म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, कारण या विषयाबद्दल मला एवढं का वाटतं ते तिच्यात आहे. क्लास काढण्याआधी मी रविवार कारंज्याजवळच्या एका छापखान्यात डीटीपी करत होते. लग्नपत्रिका, अहवाल, स्मरणिका. तेव्हाचे मराठी फॉन्ट कुलुपासकट येत. संगणकाच्या मागच्या पोर्टला एक डोंगल लावायचं, ते असलं तरच अक्षरं उमटायची. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची ११२ पानांची स्मरणिका तयार होती. डोंगल जळालं. फाइल उघडली तर पानभर प्रश्नचिन्हं, टोप्या आणि उलटी-सुलटी रोमन अक्षरं. शाळेच्या जुन्या शिक्षकांनी थरथरत्या हाताने लिहिलेल्या आठवणी मीच टाइप केल्या होत्या, आणि माझ्याच मशीनवर मला त्या वाचता येत नव्हत्या. सगळं पुन्हा टाइप केलं, रात्री जागून. मजकूर आपला, भाषा आपली, पण वाचायची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, हे मी बोटांनी शिकले. आज युनिकोड या सगळ्या संगणकांना समान असलेल्या अक्षर-संकेतामुळे ते संकट टळलंय, कारण युनिकोड कुणा एका कंपनीच्या कुलपात नाही. मुक्त, बालू यांसारखे सुंदर देवनागरी फॉन्ट 'एक टाइप' नावाच्या अक्षरं घडवणाऱ्या गटाच्या कलाकारांनी खुल्या परवान्यावर देऊन टाकले, आज कुणीही ते वापरू शकतं. अक्षरांच्या बाबतीत आपण जे भोगून शिकलो, तेच ऑपरेटिंग सिस्टीमच्या बाबतीत शिकायचं राहिलंय.

खुलं सॉफ्टवेअर (ओपन सोर्स) म्हणजे फुकट, असा गैरसमज फार आहे. मुक्त आणि मोफत यांत एका शब्दाचा फरक दिसतो, अर्थाचा फार मोठा आहे. लायनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकत असताना लिनक्सचा गाभा लिहिला आणि तो लवकरच असा खुला केला की कुणीही वाचावा, बदलावा, पुढे द्यावा, पण पुढच्याला तोच हक्क देऊनच. आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभा तोच आहे, आणि २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांवर लिनक्सच चालतं. खर्च मात्र असतो. तो शिकण्याच्या वेळेचा असतो, दुरुस्त करणाऱ्या माणसाचा असतो. माझ्या क्लासात दोन जुन्या स्कॅनरनी लिनक्सशी बोलायला नकार दिला. टॅली विंडोजवरच चालतं आणि अकाउंटची मुलं माझ्याकडे टॅलीसाठीच येतात. कोरलड्रॉही लिनक्सवर चालत नाही. डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या टोकनने माझे दोन दिवस खाल्ले आणि शेवटी एका पोर्टलवर सही उमटलीच नाही. म्हणून तीन मशीनं मी नवी, विंडोजची घेतली, ओरिजनल, पैसे मोजून. उद्या निफाडच्या त्या मुलीच्या कॉलेजात एखादं ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालणारं असेल, तर तिने विंडोजच घ्यावं. माझं भांडण विंडोज विकत घेणाऱ्यांशी नाही. न विचारता विकलं जातं, त्याच्याशी आहे.

जर्मनीतल्या म्युनिक महापालिकेचं उदाहरण लोक माझ्या तोंडावर फेकतात. २००३ मध्ये त्यांनी लिनक्सवर जायचं ठरवलं, हजारो मशीनं बदलली आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. खरं आहे. त्याच जर्मनीत श्लेस्विग-होल्श्टाइन राज्य २०२४ पासून सुमारे ३० हजार सरकारी संगणक खुल्या सॉफ्टवेअरकडे नेतंय, हेही खरं आहे. पण एवढं लांब कशाला जायचं? केरळ बघा. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये दोन दशकांहून जास्त काळ मुक्त सॉफ्टवेअर चालतंय. काइट ही सरकारी संस्था स्वतःची लिनक्स आवृत्ती तयार करून शाळांना देते, शिक्षकांना शिकवते. दोन लाखांवर संगणकांमागे ३,००० कोटी रुपये वाचल्याचं संस्थेने सांगितलं होतं. भागाकार केला तर एका संगणकामागे दीड लाख येतात आणि मला तो आकडा फुगलेला वाटतो. लागणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरची छापील किंमत धरल्याशिवाय तो निघत नाही, आणि शाळांना सवलत मिळतेच. पण मी माझ्या कोटेशनमधले साडेचार हजार धरले तरी ९० कोटी होतात. शिवाय एक गोष्ट कुठल्याच हिशेबात येत नाही. तिथली मुलं एका कंपनीचा मेनू पाठ करत नाहीत, संगणक शिकतात. मी कितीतरी वर्षं मेनू शिकवला आणि त्याला संगणक शिकवणं म्हटलं, याची मला खंत आहे.

केंद्र सरकारचं २०१५ चं धोरण सांगतं की सरकारी निविदांमध्ये खुल्या सॉफ्टवेअरचा विचार झालाच पाहिजे आणि तो पर्याय वगळायचा तर पुरवठादाराने कारण द्यावं. सी-डॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेने बॉस नावाची लिनक्स आवृत्ती भारतीय भाषांसाठी करून ठेवली आहे, तिच्यात मराठी आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये माया ही उबंटू या लिनक्स आवृत्तीवर बेतलेली सिस्टीम आपल्या संगणकांसाठी निवडली. मग आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, महापालिकेच्या वाचनालयात, ग्रामपंचायतीच्या टेबलावर तो विचार व्हायला अडचण काय आहे? सातबारा ब्राउझरमध्ये दिसतो, दाखल्याचा अर्ज ब्राउझरमध्ये भरतात. ब्राउझर लिनक्सवर तोच आहे. सार्वजनिक पैशातून संगणक घेताना कोटेशन दोन ओळींत मागवा, यंत्र वेगळं आणि सिस्टीम वेगळी. दुसऱ्या ओळीसमोर पैसे भरायचे असतील तर का भरायचे ते एका वाक्यात लिहा. टॅलीसाठी, सहीच्या टोकनसाठी, जे असेल ते. एवढं केलं तरी निम्म्या ठिकाणी लिहायला वाक्य सापडणार नाही, असं मला माझ्या अनुभवावरून वाटतं. आणि चालत्या मशीनला भंगाराचा शेरा मारण्याआधी त्यावर लिनक्स घालून महिनाभर बघा. ज्या शाळेत तीस मुलांना दोन संगणक आहेत, तिथे तो शेरा मारणं मला अन्यायाचं वाटतं.

माझी ती तीन विंडोजची मशीनं घेताना मी तीन दुकानांत दोन ओळींचं बिल मागितलं. एकाने "सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही" म्हणून सांगितलं. दुसऱ्याने हसून चहा मागवला आणि विषय बदलला. तिसरा, शालिमारकडचा एक तरुण, थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "देतो मॅडम, पण आधी मलाच बघावं लागेल किती होतात ते." त्याने वितरकाला फोन लावला, वहीत आकडे मांडले आणि दुसऱ्या दिवशी कोटेशन दिलं. यंत्र, एक ओळ. विंडोज, एक ओळ. कर दोन्हींवर वेगळा.

तो कागद मी क्लासच्या दाराशी, फीच्या तक्त्याशेजारी लावलाय. निफाडचे काका मुलीला सोडायला आले तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो वाचला, दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं, आणि खिशातून मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला. त्यांच्या भावकीत या वर्षी अजून दोन पोरांना लॅपटॉप घ्यायचे आहेत.